क्रेटॉसची राख सिमेंटसारखी का दिसते?

रंगवून बघू : वाचकांचे प्रश्न, पेंटरकाकांची उत्तरं

या वेळी गेममधली पात्रं रंगवणाऱ्यांचीच पत्रं जास्त आलीयेत. मी स्वतः गेम खेळत नाही, बोटं चालत नाहीत आणि पुतण्या हसतो, पण त्याच्या शेजारी बसून बघितलंय भरपूर, त्यामुळे गॉड ऑफ वॉर गेमचा तो राखाडी अंगाचा नायक क्रेटॉस कोण हे मला समजावून सांगायची गरज नाही.

प्रश्न : काका नमस्कार. मी इचलकरंजीचा, वय २३, शाळेनंतर आत्ता पहिल्यांदाच ब्रश हातात घेतलाय. धाकट्या भावाला गॉड ऑफ वॉर जाम आवडतो, २०१८ वाला, दाढीवाला क्रेटॉस, म्हणून त्याच्या वाढदिवसासाठी १६ बाय २० इंचाच्या कॅनव्हासवर अ‍ॅक्रेलिकमध्ये तोच करायला घेतला. मोबाईलवर स्क्रीनशॉट ठेवून बघून बघून काढतोय. पण चेहरा उभट झालाय, दुसराच कोणीतरी वाटतो. अंगाचा राखाडी रंग काळा-पांढरा मिसळून केला तर आई म्हणाली पुतळा काढतोयस का. आणि कुऱ्हाडीवरचा तो निळा गार उजेड, तो काही केल्या चमकत नाही. फ्लोरोसंट रंग आणू का? त्यात रंग प्लेटमध्येच वाळतो आणि परत तोच शेड जमत नाही. पंधरा दिवस उरलेत.

उत्तर : आईचं बरोबर आहे. काळा आणि पांढरा मिसळला की जो राखाडी येतो तो थंड, थोडासा निळसरच असतो, आणि तो सगळीकडे सारखा फासला की सिमेंट होतं, मग त्याच्यावर कितीही शेडिंग कर, माणूस उठत नाही. पण खरी चूक रंगाची नाहीये, समजुतीची आहे. क्रेटॉस राखाडी माणूस नाही, राख फासलेला माणूस आहे. गोष्ट तुला माहितीच असेल, बायको आणि मुलगी त्याच्याच हातून मेली आणि त्यांची राख त्याच्या अंगाला कायमची चिकटली. म्हणजे राखेखाली चांगली तांबूस, उन्हात रापलेली कातडी आहे आणि तीच आधी रंगवायची.

२०१५ च्या कुंभात त्र्यंबकला मी भस्म फासलेले साधू अगदी हातभर अंतरावरून बघितले होते. खांद्यावर, कपाळावर भस्म जाड असतं, पण कोपराच्या घडीत, काखेत, गळ्याच्या सुरकुत्यांत आणि घाम ओघळला असेल तिथे खालचं अंग तांबूस-काळं डोकावतं, आणि त्या डोकावण्यामुळेच ते जिवंत दिसतं. आता तुझा स्क्रीनशॉट मोठा करून बघ, नाकाच्या बाजूला, पापण्यांच्या कडेला, कानाच्या पाळीला, बोटांच्या पेरांवर त्या गेमवाल्यांनी नेमकं हेच केलंय.

तर कॅनव्हास फेकू नकोस, अ‍ॅक्रेलिकची हीच तर मजा आहे, वाळलं की वरून बिनधास्त रंगवता येतं, खालचा थर विरघळून वर येत नाही. पूर्ण अंगावर आणि चेहऱ्यावर बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि चिमूटभर पांढरा घालून एक हात मार, सावलीच्या जागी त्यातच बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). या पायरीला तो क्रेटॉस अजिबात दिसणार नाही, शेतात राबलेला पैलवान दिसेल, दिसू दे. हे वाळल्यावर लाल टॅटू काढ. राखेच्या आधी टॅटू, हे लक्षात ठेव, कारण सगळे जण टॅटू शेवटी काढतात आणि मग तो स्टिकर चिकटवल्यासारखा वर तरंगतो. रंगही ट्यूबमधला भडक लाल नको, लालमध्ये थोडा बर्न्ट सिएना घालून विटकरीकडे झुकव, आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर दे, बरेचसे लाल रंग अर्धवट पारदर्शक असतात, एका हातात झाकत नाहीत. आणि हो, टॅटू त्याच्या डाव्या डोळ्यावरून आणि डाव्या हातावर येतो, म्हणजे समोरून बघताना आपल्या उजव्या बाजूला. ट्रेसिंग करताना कागद उलटा झाला तर भाऊ पहिल्या सेकंदाला पकडेल, ही गेमवाली पोरं अशा बाबतीत लई कडक असतात.

आता राख. टायटॅनियम व्हाइटमध्ये रॉ अंबर (मातकट तपकिरी), अगदी थोडा, आणि अल्ट्रामरीन या गडद निळ्याचा नुसता वास, काळा नको. अर्ध्या इंचाचा चपटा ब्रश घे, केसांचा जरा राठ, जुना असला तर उत्तमच. तो पूर्ण कोरडा पाहिजे, पाण्याचा थेंब नको. टोकाला रंग घे आणि जुन्या बनियनच्या फडक्यावर पुसत बस, पुसत बस, तुला वाटेल आता ब्रशवर काहीच उरलं नाही, मग स्वतःच्या हाताच्या पाठीवर ओढून बघ. कातडीच्या बारीक रेघांच्या वरवर पांढुरकं उमटलं आणि रेघांच्या आत काही गेलं नाही तर झालं तयार. आता ब्रश आडवा धरून कॅनव्हासवर हलक्या हाताने ओढ. कॅनव्हासच्या विणीचे उंचवटे रंग पकडतात, खड्डे तांबूसच राहतात, तुला वेगळी राख काढावीच लागत नाही. कपाळ, गालाचं हाड, नाकाचा शेंडा, खांदा इथे तीन-चार वेळा फिरव, घडीत फिरवूच नकोस. टॅटूवरूनही एक-दोनदा जाऊ दे म्हणजे तो कातडीत बसतो. दाढीला मात्र आधी गडद तपकिरी एकच गोळा कर, केस शेवटी, तेही मोजके, प्रत्येक केस काढत बसलास तर पंधरा दिवस दाढीतच जातील.

चेहरा उभट का झाला ते तुझ्या पत्रातच आहे. स्क्रीनशॉट १६ बाय ९ चा असतो, आडवा लांबलचक, आणि तुझा कॅनव्हास ४ बाय ५ च्या प्रमाणात. बघून बघून काढताना आपण नकळत आख्खं चित्र त्यात कोंबतो आणि माणूस बाजूंनी दाबला जातो. सिनेमाची होर्डिंगं हाताने रंगवायचे तेव्हा छोट्या फोटोवर चौकटी आखून तेवढ्याच चौकटी मोठ्या पडद्यावर आखायचे, मीही त्यातच शिकलो, तेच तू कर. तुझा स्क्रीनशॉट १९२० बाय १०८० चा असेल तर त्यातून ८६४ बाय १०८० चा उभा तुकडा काप, हिशोब इतका छान बसतो की काय सांगू, त्यावर १०८ पिक्सेलची एक चौकट धरली की आडव्या ८ आणि उभ्या १० येतात, आणि कॅनव्हासवर २ इंचाची चौकट धरली की तिथेही ८ आणि १०. मग चेहरा काढायचाच नाही, एका वेळी एक चौकट काढायची, त्या चौकटीत रेघ कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते एवढंच बघायचं. आता तू रंगवलेल्यावर आखायच्या तर पांढऱ्या खडूने आख, ओल्या फडक्याने निघून जातात. गेममध्ये फोटो मोड आहे, त्यात झूम करून फोटो घे, कॅमेरा फार जवळ नेऊन घेतलेल्या फोटोत नाक उगाच मोठं येतं.

मोबाईलवरून एक आठवलं. मी एकदा रात्री आख्खा चेहरा रंगवला, खूश होऊन झोपलो आणि सकाळी बघतो तर सगळ्याला कावीळ. मोबाईलचा नाइट मोड चालू होता, स्क्रीनच पिवळी झालेली, आणि मी इमानदारीत ती पिवळी उतरवत बसलेलो. तेव्हा नाइट मोड बंद, ब्राइटनेस अर्ध्यावर, आणि जमलं तर स्टुडिओतून एक प्रिंट काढून घे, प्रिंट थोडी मळकट येते पण रंगही तेवढेच मळकट असतात, सामना बरोबरीचा होतो.

हाच तुझ्या कुऱ्हाडीचा पण प्रश्न आहे. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कॅनव्हास फक्त खोलीतला उजेड परत देतो, त्यामुळे स्क्रीनवरचा निळा ट्यूबमध्ये मिळणारच नाही, कुठल्याच कंपनीच्या. फ्लोरोसंट आणू नकोस, ते उजेडात लवकर विटतात आणि भावाच्या खोलीत वर्षभराने फिक्कं होऊन बसेल. तू पातं आणखी पांढरं, आणखी निळं करत बसलायस, त्यापेक्षा पात्याला हात न लावता बाकी सगळं एक-एक घर खाली उतरव, म्हणजे गडद कर. पाठीमागे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून जवळजवळ काळं होईल असा गडद रंग दे, हा बाजारच्या काळ्यापेक्षा जिवंत असतो. चेहऱ्यावरची राख तू ट्यूबच्या पांढऱ्याइतकी उजळ केली असशील तर ती पण उतरव, कारण आख्ख्या चित्रात सगळ्यात पांढरी जागा एकच पाहिजे, पात्यावरच्या कोरीव खुणांची मधली रेघ. तिच्या भोवती फिकट निळा, त्याच्या भोवती थॅलो ब्लूचा पातळ हात, थॅलो फार जहाल असतो, टाचणीच्या डोक्याएवढा घे. मग तोच निळा अगदी पुसट, कुऱ्हाडीच्या बाजूच्या दाढीच्या कडेला आणि मुठीच्या पेरांवर लाव. पात्यापेक्षा त्या मुठीवरच्या निळ्यानेच उजेड पडल्यासारखा वाटतो. मध्ये मध्ये मोबाईलवर चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट कर आणि स्क्रीनशॉटपण तसाच करून शेजारी ठेव, कुठे गडद कमी पडलं ते लगेच दिसतं.

प्लेटमध्ये रंग वाळतो त्याला पंखा जबाबदार, पंखा बंद कर किंवा प्लेट तरी आडोशाला ठेव. झाकणाचा चपटा प्लास्टिकचा डबा घे, तळाला ओला करून पिळलेला जाड नॅपकिन, त्याच्यावर बेकिंगचा बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीपण रंग ओला. राखेचा आणि कातडीचा रंग मात्र एकदाच भरपूर बनवून छोट्या हवाबंद डबीत भरून ठेव, कारण अ‍ॅक्रेलिक वाळल्यावर एक छटा गडद होतो, ओला असताना त्याचं बाइंडर, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा चिकट भाग, दुधाळ असतं आणि वाळलं की पारदर्शक होतं, म्हणून ओला रंग वाळलेल्याशी जुळवायला गेलास की फसलास. आधी कागदावर एक ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा, मग ठरवायचं.

पंधरा दिवस भरपूर आहेत. शेवटचे दोन दिवस मात्र हात लावू नकोस, नुसता बघ.

प्रश्न : काका, आम्ही ठाण्याचे, नवरा-बायको दोघंही नव्वदच्या दशकातले, कॅसेट फुंकून लावायचो त्यातले. मुलीच्या खोलीसाठी जुना चौकटीचौकटीचा मारिओ रंगवायचा आहे. मी म्हणते डुंगरी निळी, हे म्हणतात लाल. आणि चौकटींच्या कडा सरळ कशा आणायच्या? टेप लावली तरी रंग खाली पाझरतो.

उत्तर : वहिनी, या भांडणात मला ओढू नका, पण दोघंही जिंकलात. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा डुंगरी लाल आणि शर्ट निळा होता. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये, म्हणजे आपण ज्याच्यासाठी कॅसेट फुंकली त्यात, टोपी आणि डुंगरी लाल आणि शर्ट, केस, बूट सगळे एकाच मळकट तपकिरीत. निळी डुंगरी आणि लाल शर्ट ही पुढे पक्की झालेली जोडी, जी आता सगळीकडे दिसते. तुम्हाला टीव्हीवरचा हवा असेल तर ह्यांचं ऐका. त्या मशीनवर एका पात्राच्या रंगपट्टीत तीनच रंग बसायचे, म्हणून लाल, तपकिरी आणि अंगाचा पिवळट नारिंगी, संपला मारिओ. टोपी आणि मिशीपण अशाच अडचणीतून आलेत, डाँकी काँगच्या वेळी एवढ्याशा चौकटींत केस आणि तोंड काढणं मारिओ बनवणाऱ्या मियामोतो साहेबांना अवघड जात होतं, मग टोपी घातली, मिशी लावली.

तुमच्या फायद्याची गोष्ट म्हणजे उभा असलेला छोटा मारिओ १२ चौकटी रुंद आणि १६ उंच आहे. १६ बाय २० इंचाचा कॅनव्हास आणा, एक चौकट म्हणजे बरोबर एक इंच धरा, चारही बाजूंनी २-२ इंच मोकळी जागा आपोआप राहते. मापं घेताना डोकं लावायचं कामच नाही.

टेपखाली रंग पाझरतो त्याचा तोडगा असा की टेप लावून तिची कड नखाने घासून बसवा, आणि मग टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग पुन्हा मारा, म्हणजे पाठीमागचा आकाशी असेल तर आकाशीच. जो काही पाझरायचाय तो आकाशी पाझरेल, आकाशीवर आकाशी दिसतो कुठे. तो वाळला की लाल मारा, आणि लाल पूर्ण कडक व्हायच्या आत टेप हळूच, स्वतःच्या अंगावर दुमडून ओढल्यासारखी काढा. कॅनव्हासची वीण खडबडीत असेल तर हे सगळं करूनही थोडं त्रास देतं, त्यापेक्षा एमडीएफचा तुकडा घ्या, दोन हात जेसो (रंगाखालचं पांढरं अस्तर), मध्ये बारीक पॉलिश पेपर. मुलीला लाल भरायला द्या, लाल चौकटी पुष्कळ आहेत.

प्रश्न : मित्राला त्याच्या आवडत्या गेमचं कॅरेक्टर रंगवून दिलं, वर ग्लॉस वार्निश मारलं, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून बसने पाठवलं. उघडलं तर कॅरेक्टरच्या गालावर शेअर बाजाराचं पान छापून आलंय, थोडा कागद चिकटलाच आहे. पेट्रोलने पुसू का? (नांदेडहून एक वाचक)

उत्तर : पेट्रोल नको रे बाबा! अ‍ॅक्रेलिक हे शेवटी प्लास्टिकच आहे, उष्णतेने मऊ पडतं, आणि बसच्या डिकीत मे महिन्यात काय तापमान असतं ते नांदेडकराला मी काय सांगू. हाताला कोरडं लागलं तरी आतून पूर्ण बसायला वेळ लागतो, पातळ थराला काही दिवस, जाड थापलं असेल तर काही आठवडे. मित्राला सांग, कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून, पिळून, चिकटलेल्या कागदावर पाच मिनिटं नुसता ठेवायचा, मग बोटाच्या टोकाने कागद गोल गोल चोळून त्याच्या वळ्या करायच्या, खरवडायचं नाही. शाई आत गेली असेल तर ती निघणार नाही, तेवढा गाल पुन्हा रंगवावा लागेल आणि त्यासाठी तुला एकदा त्याच्याकडे जावं लागेल, जा की.

पुढच्या वेळी रंग नीट बसू दे, मग वार्निश, मग आणखी काही दिवस, आणि गुंडाळताना पहिला थर गुळगुळीत बटर पेपरचा. बबल रॅप लावलास तर फुगे बाहेरच्या बाजूला, नाहीतर आख्ख्या चेहऱ्यावर देवीचे व्रण उठतात. तुझा ब्रशपण त्या दिवशी वाळून काडी झाला असेल तर कोरोनातली सॅनिटायझरची बाटली घरात कुठेतरी पडलेली असेलच, त्यात रात्रभर बुडवून ठेव, अल्कोहोलने वाळलेला अ‍ॅक्रेलिक मऊ होतो. आणि म्हणूनच ते सॅनिटायझर चित्राच्या आसपास आणायचं नाही.

प्रश्न : सगळी मुलं परदेशी गेमचीच कॅरेक्टर काढतात. आपल्याकडचं कोणी आहे का रंगवण्यासारखं? आणि अशी चित्रं करून विकली तर चालतात का? मी सातारला ड्रॉइंग क्लास घेते.

उत्तर : आहे ना, राजी. राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक हा २०२० चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा आहे. सर्कशीतली मुलगी, भाऊ गोलू राक्षसांनी पळवलेला, आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याला शोधत निघालेली. बाई, तुमच्या क्लासला हे क्रेटॉसपेक्षा सोपं जाईल, कारण त्यातलं रंगकाम पहाडी लघुचित्रांच्या वळणाचं, हाताने रंगवल्यासारखं आहे. मुलांना सपाट रंग भरू द्या, त्यावर गडद बारीक रेघ, शेडिंगची कटकट कमी. अ‍ॅक्रेलिकमध्ये सपाट रंग भरताना पट्टे दिसतात, तर रंग साईएवढा पातळ करा आणि पहिला हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. पिवळा मात्र कितीही थर दिले तरी झाकत नाही, पिवळ्यात थोडा पांढरा घालायचा किंवा खाली आधी पांढऱ्याचा हात द्यायचा.

विकण्याचं विचाराल तर पात्र ज्याने बनवलं त्याचं असतं. घरात लावायला, सरावाला, भावाला द्यायला कोणी विचारत नाही, पण छापून, टीशर्टवर टाकून, स्टॉल लावून विकायचं म्हटलं की त्यांची परवानगी लागते, मग कंपनी पुण्याची असो की जपानची. क्लासच्या प्रदर्शनात खाली पात्राचं, गेमचं आणि बनवणाऱ्याचं नाव लिहा, आणि किमतीची चिठ्ठी काढून टाका.